उमरोळीच्या तरुणाने चाकरीच काय म्हणून करावी?

पश्चिम रेल्वेवर पालघर व बोईसर यांच्यामध्ये उमरोळी हे लहानसे स्टेशन आहे. सकाळच्या वेळी तेथे उभे राहणारास गावची तरुण पिढी दोन दिशांस पांगताना दिसते. कोणी विरार-मुंबईकडे जाणाऱ्या गाडीत शिरतात, तर कोणी एकाच स्टेशनाचा प्रवास करून बोईसरला उतरतात व तारापूरच्या औद्योगिक वसाहतीची वाट धरतात. प्रयोजन दोघांचेही एकच. ते म्हणजे नोकरी. हे प्रयोजन निंद्य आहे असे आम्ही मुळीच म्हणत नाही. पण ज्या निश्चिंतीसाठी माणसाने चाकरी पत्करावयाची, ती निश्चिंती तीत आज उरली आहे काय?

वडीलधारी मंडळी ज्या नोकरीचे गुण गातात ती कायमपणाची व पेन्शनीची होती. तारापूरचे अणुविद्युत केंद्र १९६९ साली सुरू झाले, त्या काळच्या बापाने मुलास 'कोठे तरी चिकट' म्हणून सांगितले ते शहाणपणाचेच होते. आज त्याच उपदेशाने नातू जेथे चिकटतो तो पुष्कळदा ठेकेदाराचा हजेरीपट असतो. ठेका बदलला की नाव गळाले! धंद्यात धोका आहे हे खरे. पण धोका दोहोंकडे असता एकीकडे निदान कमाई आपली असते, हे सांगण्यास अर्थशास्त्री नको. आता वाढवण बंदराची कोनशिला ३० ऑगस्ट २०२४ रोजी बसल्यापासून 'बंदर होईल, नोकऱ्या लागतील' असा एक नवा जप सुरू झाला आहे. बंदरास मच्छीमार बांधवांचा जो विरोध आहे त्याचा विचार स्वतंत्रपणेच झाला पाहिजे; परंतु दुसऱ्याच्या कोनशिलेकडे डोळे लावून ऐन उमेदीची वर्षे बसून घालविणे हा काही पुरुषार्थ नव्हे.

लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. बढतीच्या वेळी त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियनास ती देण्यात आली, तेव्हा त्यांनी अर्ज-विनंत्या न करता नोकरीच सोडली व बेळगावास सायकलींचे दुकान चालविले. पुढे तेथील जागाही सोडावी लागली. १९१० साली औंधच्या राजेसाहेबांनी कुंडल रोड या आडवळणी स्टेशनाजवळचा निवडुंगाने भरलेला माळ दिला, त्यावर किर्लोस्करवाडी वसली. लोखंडी नांगराने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत! पहिल्या नांगरांस गिऱ्हाईक मिळण्यास दोन वर्षे लागली असे सांगतात. लक्ष्मणरावांची जिद्द सर्वांस पाठ आहे. औंधच्या जमिनीची आठवण मात्र कोणी काढीत नाही. उमरोळीच्या तरुणापाशी जिद्द नाही असे कोण म्हणेल? त्याला औंध कोठे आहे?

दुसरे उदाहरण तर आमच्या दाराशीच आहे. १९३१ साली दिगंबर परशुराम दांडेकर यांनी मुंबईत शाईची पूड व वड्या करण्यास आरंभ केला. परदेशी शाईने स्वदेशीचे लेख लिहिणाऱ्या त्या काळी हे धाडसच होते. त्यातून कॅम्लिन उभी राहिली व तिचा एक कारखाना तारापूरच्या याच वसाहतीत निघाला. २०११ साली तिच्या निम्म्याहून अधिक भागांची मालकी जपानच्या कोकुयोकडे गेली, हे स्वदेशीच्या अभिमान्यांस रुचणार नाही. आम्हांसही रुचले नाही. पण विकावयास का होईना, आधी काही उभारलेले असावे लागते.

कोणी म्हणेल, भांडवल कोठून आणावे? सातबाऱ्यावर चुलत्या-पुतण्यांची नावे एकत्र असली म्हणजे ती जमीन तारण म्हणून कामास येत नाही, हे आम्ही वकिलीत अनेकदा पाहिले आहे. २०१५ पासूनच्या मुद्रा योजनेत तारणाची अट नाही. मात्र कर्ज मिळूनही लहान कारखानदार बुडतो तो बहुधा थकलेल्या बिलांमुळे, आणि कायद्याचे हेच कलम आमच्या तरुणांस ठाऊक नसते. सूक्ष्म व लघु उद्योगाचा माल स्वीकारल्यावर, करारात काहीही लिहिले असले तरी, ४५ दिवसांच्या आत पैसे चुकते केले पाहिजेत. न केल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक-दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते, असे २००६ चा कायदा सांगतो. तंटा पडल्यास त्यासाठी स्वतंत्र परिषद आहे. माल देण्यापूर्वीच आपल्या उद्योगाची सरकारी नोंदणी करून ठेवावी, म्हणजे मागाहून वकिलाचे घर भरावे लागत नाही!

तारापूरच्या कारखान्यांस लाकडी खोकी लागतात, कामगारांचे कपडे लागतात, बिघडलेल्या मोटारी गुंडाळून घ्याव्या लागतात, उपाहारगृहांस रोज भाजी लागते. वसाहतीचा धूर व सांडपाणी ज्या गावांच्या वाट्यास आले, त्यांच्या वाट्यास तिच्या खरेदीतील चार पैसे काय म्हणून येऊ नयेत? औंधच्या राजाने जे केले त्याचा शतांश येथील कारखानदारांनी करावा. भीक नको; किरकोळ खरेदीची यादी प्रसिद्ध करावी व बिल मुदतीत चुकवावे. येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत उमरोळीने तसा ठराव करून कारखानदारांच्या संघटनेकडे व जिल्हा उद्योग केंद्राकडे पाठवावा, आणि त्यांचे उत्तर १ मेच्या ग्रामसभेत वाचून दाखवावे. उत्तर न आल्यास तेही वाचून दाखवावे.