आपला आवाज आपणच नोंदवला पाहिजे

पत्रकारिता शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना आता बातमी लिहिण्याबरोबर ध्वनिकथाही करायला शिकवतात. गावात, वस्तीत जायचे, माणसांना बोलते करायचे, मोबाईलवर ते ध्वनिमुद्रित करायचे आणि त्यातून दहा-पंधरा मिनिटांची गोष्ट लोकांना ऐकवायची. कोणाला ही फॅशन वाटेल. परंतु पुणे जिल्ह्यातील शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांतील आपल्या वस्त्यांचा विचार केला, तर आमच्या लेखी हा हक्काचा प्रश्न आहे.

३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला, तेव्हा आपल्या समाजात वाचता येणारे किती होते? एक जण वाचायचा आणि दहा जण ऐकायचे. पुढे जलशांनी आणि गायकांनी चळवळ घराघरांत नेली. खुद्द बाबासाहेबांनी ध्वनिक्षेपकाचे मोल ओळखले होते. ३ ऑक्टोबर १९५४ रोजी त्यांनी आकाशवाणीवरून आपले तत्त्वज्ञान सांगितले. १९५५ साली बीबीसीने घेतलेली त्यांची मुलाखत आजही ऐकता येते. गांधीजींविषयी बाबासाहेबांचे मत काय होते असा वाद निघाला, की तो आवाजच साक्ष देतो. तो नोंदवला गेला नसता, तर प्रस्थापितांनी त्यांच्या तोंडी काय घातले असते याची कल्पनाच केलेली बरी.

शिरूर तालुक्यालाही याचा अनुभव आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांतून जात्यावरच्या एक लाखावर ओव्या गोळा केल्या. त्यांतील अनेक ओव्या १९९० च्या दशकापासून गाणारणींच्याच आवाजात ध्वनिमुद्रित झाल्या. या कामात शिरूर तालुक्यातील सविंदणे गावही आहे. ज्या बायांना कोणत्याही वृत्तपत्राने कधी विचारले नाही, त्यांनी जात्यावर आपले दुःख सांगितले, आणि या संग्रहातील कित्येकींनी भीमरायाचे नाव गायिले. घरात गिरणीचे पीठ आले आणि जाते थांबले. नोंद झाली म्हणूनच त्या ओव्या उरल्या.

जे नोंदवले गेले नाही, त्याचे काय होते? भीमेकाठचा जयस्तंभ हवेली तालुक्यातील पेरणे गावच्या हद्दीत असला, तरी कोरेगाव भीमा आणि वढू बुद्रुक ही गावे शिरूर तालुक्यातील. छत्रपती संभाजी महाराजांवर अंत्यसंस्कार करणारे म्हणून आपला समाज गोविंद गोपाळ यांचे स्मरण पिढ्यान्‌पिढ्या करीत आला. डिसेंबर २०१७ च्या अखेरीस त्यांच्या स्मृतीच्या फलकावरून वाद पेटवला गेला, समाधीची मोडतोड झाली, आणि १ जानेवारी २०१८ रोजी अभिवादनाला आलेल्या आंबेडकरी जनतेवर हल्ले झाले. लेखी पुरावा कुठे आहे, असे आम्हाला विचारले जाते. ज्यांना शतकानुशतके लिहू दिले नाही, त्यांच्याकडेच कागद मागायचा, हा कोणता न्याय?

न्यायालयात काम करताना आम्ही रोज एक गोष्ट पाहतो. पीडित माणूस आपल्या बोलीत पोटतिडकीने सांगतो आणि जबाबात मात्र लिहिणाऱ्याची भाषा उतरते. तिथे अर्धा अन्याय गळून जातो. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१६ पासून लागू झालेल्या कलम १५अ ने खटल्याच्या कार्यवाहीचे चित्रमुद्रण करण्याचे बंधन घातले, त्याचे महत्त्व इथे आहे.

हवेतील लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली क्रिकेट असोसिएशन ऑफ बंगालच्या खटल्यात सांगितले. तो निकाल लिहिणारे न्यायमूर्ती पी. बी. सावंत महाराष्ट्राचेच. तरीही सामुदायिक रेडिओला स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही. पुणे विद्यापीठाच्या 'विद्यावाणी'चा आवाज शिरूर-दौंडपर्यंत पोचत नाही. मोबाईलवरून पाठवलेली ध्वनिकथा मात्र दौंडच्या रेल्वे वस्तीतही ऐकता येते आणि रांजणगावच्या कारखान्यातील कंत्राटी कामगारालाही.

विषय केवळ १ जानेवारी आणि १४ एप्रिलपुरते नकोत. महार वतनाची जमीन कोणत्या बांधापासून कोणत्या ओढ्यापर्यंत होती, ती कोण कसत होते आणि कशी गेली, हे सातबाऱ्यापेक्षा म्हाताऱ्यांना नेमके ठाऊक असते. ही माणसे दरवर्षी कमी होत आहेत. दौंडच्या गुऱ्हाळांवर राबणारा मजूर, उसाच्या फडात कोयता चालवणारी बाई, रुळांवरची घाण उपसणारा सफाई कामगार, स्मशानभूमीसाठी तहसीलवर खेटे घालणारी वस्ती, या सर्वांचे बोलणे नोंदले पाहिजे.

मात्र पुण्याहून यायचे, दुःख भरून न्यायचे आणि गुण मिळवायचे, हा प्रकार आम्हाला मान्य नाही. बोलणाऱ्याची संमती आधी घ्या. आवाज कुठे ऐकवला जाणार हे त्याला समजावून सांगा. अत्याचारग्रस्त स्त्रीची वा बालकाची ओळख उघड करणे हा कायद्याने गुन्हा आहे. सावकाराविरुद्ध किंवा गावच्या पुढाऱ्याविरुद्ध बोलणाऱ्या बाईला उद्याही त्याच गावात राहायचे असते, हे विसरू नका. बोलणे सोयीप्रमाणे कापू नका. मूळ ध्वनिमुद्रणाची एक प्रत त्या वस्तीच्या बुद्धविहारात राहिलीच पाहिजे.

आणि हे काम दुसऱ्यांनी करण्याची वाट तरी आपण का पाहावी? शिरूर-दौंडमधील आपली मुले-मुली शिकत आहेत. त्यांतील काहींनी पत्रकारितेकडे वळावे. पालकांनी त्यांना अडवू नये. विहारांच्या समित्यांनी येत्या वर्षावासात आठवड्यातील एक संध्याकाळ यासाठी द्यावी. धम्मग्रंथाचे वाचन झाले की एका ज्येष्ठाला बोलू द्यावे आणि एका विद्यार्थ्याने ते ध्वनिमुद्रित करावे. याला मोठा निधी लागत नाही, कोणाची परवानगी लागत नाही. मूक समाजाला नायक मिळाला, त्याला शंभर वर्षे होऊन गेली. आता त्या समाजाने आपली साक्ष आपल्याच तोंडाने द्यावी. जयभीम!