जन्मदाखला नसेल तर पासपोर्ट नाही? नियम नेमका कुणासाठी आहे?

"आता जन्मदाखल्याशिवाय पासपोर्ट मिळणार नाही," असा मेसेज तुमच्याही फॅमिली ग्रुपवर येऊन गेला असेल. लगेच काकांचा प्रश्न येतो, "आमचा जन्म गावी, घरातच झाला. आता दाखला कुठून आणायचा?"

काकांनी निवांत राहावं, कारण मेसेज अर्धाच खरा आहे. पण घरात दोन-अडीच वर्षांचं बाळ असेल, तर खरा असलेला अर्धा भाग तुमच्यासाठीच आहे.

नियम काय सांगतो?

केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२५ मध्ये पासपोर्टचे नियम बदलले. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी जन्मतारखेचा आता एकच पुरावा चालतो, तो म्हणजे जन्मदाखला. त्याआधी जन्मलेल्यांसाठी जुने पर्याय कायम आहेत. शाळा सोडल्याचा दाखला, दहावीचं सर्टिफिकेट, पॅन कार्ड, ड्रायव्हिंग लायसन्स, मतदार ओळखपत्र यांपैकी एक कागद पुरतो.

मग हीच तारीख का?

जन्म-मृत्यू नोंदणीचा सुधारित कायदा १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाला. या तारखेपासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेश, आधार, लायसन्स, मतदार नोंदणी, सरकारी नोकरी आणि पासपोर्ट या सगळ्यांसाठी जन्मदाखलाच दाखवावा लागेल.

यामागचं कारण आपल्याकडे कुणाला समजावून सांगायची गरज नाही. महाराष्ट्रात एका अख्ख्या पिढीचा वाढदिवस १ जूनला येतो. शाळेत नाव घालताना गुरुजींनी जी तारीख लिहिली, तीच पुढे कागदोपत्री खरी ठरली. नव्या नियमाने ही सोय बंद झाली. पण चूक झाली तर सांभाळून घेणारा दुसरा कागदही त्यासोबत गेला.

अडचण कुठे येऊ शकते?

पहिली अडचण नावाची. हॉस्पिटल जन्माची नोंद लगेच कळवतं, बारसं मात्र नंतर होतं. त्यामुळे कित्येक दाखल्यांवर बाळाच्या नावाची जागा रिकामीच राहते. जन्माची नोंद झाल्यापासून एक वर्षापर्यंत नाव मोफत घालता येतं. त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून ते घालता येतं.

दुसरी अडचण नावाच्या क्रमाची. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांसाठी महाराष्ट्र सरकारने बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव असा क्रम ठरवला आहे. पासपोर्टच्या फॉर्ममध्ये मात्र आडनावाचा एक रकाना आणि उरलेल्या नावाचा एक, असे दोनच रकाने असतात. दाखल्यावर एक, आधारवर दुसरं आणि फॉर्मवर तिसरं असं नाव झालं, तर हेलपाटे ठरलेले. म्हणून स्पेलिंगसकट सगळीकडे दाखल्यावरचंच नाव ठेवा.

तिसरी अडचण सगळ्यात गंभीर आहे, ती म्हणजे नोंदच नसणं. जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथेच होते. बीडहून ऊसतोडीला गेलेल्या बाईचं बाळंतपण कोल्हापूरच्या एखाद्या गावात, खोपीत झालं, तर नोंद त्या गावच्या हद्दीत करावी लागते. हंगाम संपून टोळी परत आली की ती नोंद करायला पुन्हा कोण जाणार? २१ दिवसांच्या आत कळवलं तर काम सोपं असतं. एक वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. या मुलाला उद्या परदेशात काम मिळालं, तर पासपोर्टच्या खिडकीवर शाळेचा दाखला पुरणार नाही.

आज काय कराल?

बाळाचा दाखला काढून चार गोष्टी तपासा: बाळाचं नाव, जन्मतारीख, आईवडिलांच्या नावांचं स्पेलिंग आणि नोंदणी क्रमांक. चूक दिसली तर जिथे नोंद झाली त्या ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत किंवा महापालिकेत दुरुस्तीचा अर्ज द्या. परदेशी जायचा बेत नसला तरी हे करा, कारण शाळेच्या प्रवेशालाही हाच कागद लागणार आहे.

आणि पुढच्या वेळी तो मेसेज आला की ग्रुपवर एवढंच लिहा: "काकांना लागू नाही, नातवाला लागू आहे."