जरा समजाव त्याला

मागच्या महिन्यात ताईचा फोन आला. "पोरगा काहीच बोलत नाही रे. तुझं ऐकतो तो. जरा समजाव त्याला."

मंडळी, हा फोन तुमच्यापैकी अर्ध्यांना येऊन गेला असणार. हिंजवडीत असा नाहीतर बेंगळुरूत, गावाकडे आपण 'शिकलेला मामा' असतो. आमचं गाव अंबड, जिल्हा जालना. भाचा सतरा वर्षांचा, नीटच्या क्लाससाठी लातूरला ठेवलेला.

मी फोन केला. तासाभराने गडी बोलता झाला. दोन महिने क्लासला गेलेलाच नाही. दिवसभर बसस्टँडवर बसून असतो, रात्री झोप येत नाही. "मामा, घरी सांगू नका." मी म्हटलं, शब्द दिला.

आणि रात्री साडेनऊला ताईला सगळं सांगून मोकळा झालो. त्याच्या भल्यासाठीच! सकाळी दाजी लातूरला हजर. पुढे काय झालं ते लिहीत नाही. तेव्हापासून भाचा माझ्याशी दोनच वाक्यं बोलत होता: "हो मामा" आणि "ठीक मामा".

म्हणून आज भांडायला बसलोय, सुरुवात स्वतःपासून. 'हल्लीची पोरं घरच्यांवर विश्वासच ठेवत नाहीत' ही रड बंद करा. पोरं विश्वास ठेवतात. आपण तो मोडतो आणि त्याला काळजी म्हणतो.

हे हल्लीचंही नाही. आमच्याच जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यात, जांब समर्थ आहे. १६०८ साली तिथे नारायण ठोसर जन्मले, म्हणजे समर्थ रामदास. बोहल्यावर 'सावधान' ऐकून पळालेल्या बारा वर्षांच्या मुलाची आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकतो. कीर्तनात त्यातलं वैराग्य सांगतात, ते ठीकच. मला मात्र त्यात एक घर दिसतं. वडील वारलेले. मुलगा थोरल्या भावाकडे अनुग्रह मागतो, भाऊ म्हणतो, अजून लहान आहेस. तोच मुलगा लग्नाला मात्र लहान नसतो! तो लग्नाला नाही म्हणतो, तर आई शब्द घेते की अंतरपाट धरेपर्यंत नकार द्यायचा नाही. त्याने शब्द अक्षरशः पाळला. अंतरपाट धरला गेला, मग पळाला. नाशिकजवळ टाकळीला बारा वर्षं तप, मग बारा वर्षं भटकंती. आईची भेट झाली ती त्यानंतर. ते समर्थ झाले. घरातून पळालेलं प्रत्येक पोर समर्थ होत नाही.

आपल्या धंद्यातलं सांगतो. टेस्टरने बग दाखवला आणि मॅनेजरने भर मीटिंगमध्ये त्यालाच झापलं, की पुढच्या आठवड्यात बग येणं बंद होतं. बग तिथेच असतात, फक्त कळत नाहीत. घरातलं 'आमचं पोरगं गुणी आहे, काही तक्रार नाही' हे पुष्कळदा असंच असतं.

मी स्वतः दहावीत असताना एका सरांना मनातलं सांगितलं होतं. संध्याकाळपर्यंत ते वडिलांना कळलं, दुसऱ्या दिवशी वर्गाला. त्यानंतर वर्षभर मी ज्या माणसाशी बोललो तो पंक्चरवाला होता. त्याने कधी एक सल्ला दिला नाही. टायर पाण्यात बुडवून बुडबुडे बघत ऐकायचा. आणि ऐकलेलं कुठे बोलायचा नाही. बस्स, एवढंच. माझं नशीब चांगलं, माणूस भला होता. दुसरा कोणी भेटला असता तर? गप्प पोरगं कोणाला तरी शोधतंच. तो कोण असेल, हे आपल्या हातात राहत नाही.

आता तुम्ही म्हणणार, उद्या त्याने जिवाचं काही केलं असतं तर? रास्त प्रश्न. जिवाला धोका असेल तर गप्प बसायचं नाही. लैंगिक अत्याचार असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने कळवणं बंधनकारकच आहे. पण आधी त्याला सांगा: "हे माझ्या एकट्याच्या हातातलं नाही. कोणाला सांगायचं ते दोघं मिळून ठरवू." पाठीमागून नाही. आणि सगळी पोटं भरतील असा शब्द आधी देऊच नका, जो मी दिला.

सरकारी सोयीही आहेत. किशोरवयीनांसाठीचा राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रम २०१४ पासून आहे, टेलिमानसचा १४४१६ हा मोफत नंबर २०२२ पासून. नंबर जरूर द्या. पण तो फिरवण्याआधी पोराला एवढी खात्री हवी, की बोललेलं गावभर होत नाही. ती खात्री घरात शिकली जाते, किंवा घरातच मोडते.

गेल्या शनिवारी लातूरला जाऊन आलो. समजावलं नाही. "चुकलो" म्हटलं. मामा लोक हा शब्द फारसा वापरत नाहीत, त्यामुळे तो जरा बावचळला. मग चहा प्यायलो. निघताना त्याने एक गोष्ट सांगितली आणि विचारलं, "हेपण आईला सांगणार?"

ताई रोज विचारते, काय बोलला? मी म्हणतो, त्यालाच विचार, पण रागवू नकोस.

हे लिहिण्याआधी त्याला वाचून दाखवलं. दोन ओळी काढा म्हणाला. काढल्या.