वजन मोजले, कस कोण मोजणार?

अक्कलकोट रोड एमआयडीसीतील टॉवेल-चादरींच्या कारखान्यांत रंगाचा नवा लॉट आला की डायिंग मास्टर तो आधी थोड्या सुतावर चढवून पाहतो. बाजारातील रंगात मीठ किंवा तत्सम क्षार मिसळलेला असतो. भाव किलोने सांगितला, तरी पैसे मोजावयाचे ते कसाचे, हे त्या व्यवहारातील साधे अर्थशास्त्र होय. अमली पदार्थांच्या बाबतीत मात्र आपला कायदा वजनापाशीच थांबतो.

हे नेहमीच असे नव्हते. १९८५ च्या कायद्यात २००१ साली दुरुस्ती होऊन शिक्षा जप्त मालाच्या प्रमाणाशी जोडली गेली. हेरॉइन २५० ग्रॅमहून अधिक असेल तर ते व्यापारी प्रमाण. २००८ साली ई. मायकेल राज खटल्यात सुमारे ४ किलो भुकटीत शुद्ध हेरॉइन जेमतेम दीड टक्का निघाले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने शुद्ध भागच हिशेबात धरला. २२ एप्रिल २०२० रोजी हीरा सिंग खटल्यात ते मत रद्द होऊन भेसळीसह सर्व वजन धरावयाचे ठरले. हा निर्णय योग्यच म्हणावा लागेल. व्यसनी माणसाच्या शरीरात जाते ते मिश्रणच. परंतु शिक्षेसाठी टक्केवारीची गरज उरली नाही, तर कामाच्या ओझ्याखालील प्रयोगशाळा ती काढील कशाला?

वास्तविक साधन हाताशी आहे. फॉर्माल्डिहाइड व गंधकाम्ल यांच्या मार्क्विस द्रावणात हेरॉइन जांभळा रंग देते. पण तो केवळ संशय. वायू-क्रोमॅटोग्राफी आणि वस्तुमान-वर्णपटमापी यांची जोडी मात्र हेरॉइनबरोबर त्यात मिसळलेले कॅफीन, पॅरासिटामॉलही वेगळे ओळखते, त्यांचे प्रमाणही सांगू शकते. माल तुटला की पुडीचा भाव तोच ठेवून कस उतरवावयाचा, ही विक्रेत्यांची जुनी रीत. उतरत्या कसाला सरावलेल्या माणसाच्या हाती एखादे दिवशी कडक पुडी पडली, तर तो दगावतो.

सोलापूरला हा विषय परका नाही. चिंचोळी एमआयडीसीत २०१६ साली ठाणे पोलिसांनी इफेड्रिनचा प्रचंड साठा पकडला, तेव्हा चर्चा झाली ती टनांची आणि कोटींची.

निदान मोठ्या जप्तीतील कस व भेसळ यांचे आकडे जिल्हा रुग्णालयांना दरमहा कळवावेत. नॅलोक्सोनचे इंजेक्शन हेरॉइनवर उतारा ठरते; पुडीत झोपेचे औषध मिसळले असेल, तर त्यावर ते चालत नाही, आणि रात्रपाळीच्या डॉक्टरला हे आधी ठाऊक असावयास हवे.