पाहुणे आले, पण घरधनी कुठंय?

दिवाळी झाली अन् तोरणमाळला थंडी पडली. यशवंत तलावाच्या काठी गाड्यांची रांग, सीताखाईला फोटो. "काय गार हवा!" म्हणतात. गार असणारच. शहाद्यापेक्षा आपण जवळपास हजार मीटर उंच. तेवढ्यात पारा सहाएक अंश खाली येतो.

पण याच दिवसांत इथल्या कितीतरी घरांना कुलूप लागतं. माणसं ऊसतोडीला गुजरातेत. म्हणजे पाहुण्यांचा हंगाम सुरू, अन् यजमानच गावात नाही!

पाऊस कमी नाही हो. पण उताराची जमीन, पाण्यासोबत मातीही खाली जाते. मका, भगर निघाली की रान रिकामं. दुसऱ्या पिकाला ओल कुठून आणायची? उन्हाळ्यात कैरीच्या फोडी वाळवून आमचूर करतो, तर वळवाची एक सर आली की फोडी काळ्या अन् भाव पडला. हल्ली तर ढगांचा काही नेमच राहिला नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. पॉइंटवरची रेलिंग अन् रंगरंगोटी नंतर करा. आधी बांधबंदिस्ती, समतल चर अन् आमचुरासाठी सोलर ड्रायर द्या. राज्याचं कृषी पर्यटन धोरण 2020 मध्येच आलंय, ते पाड्यापर्यंत पोहोचवा. पाहुणा आमच्या ओसरीत राहू दे, भाकर खाऊ दे, जाताना आमचूर घेऊ दे.

यंदा मी मुकादमाची उचल घेतली नाही. एक खोली सारवून ठेवलीय. संक्रांतीपर्यंत वाट बघतो, नाहीतर कोयता आहेच.