गंगेतली क्रूझ आणि दोन तासांचं गाव: हुगळीकाठच्या सहलीत नेमकं काय दिसतं, काय राहून जातं?

जानेवारी २०२३ मध्ये एक बातमी जोरात फिरली होती. पंतप्रधानांनी हिरवा झेंडा दाखवल्यावर काहीच दिवसांत 'एमव्ही गंगा विलास' हे आलिशान जहाज बिहारमध्ये छपऱ्याजवळ गाळात रुतलं, अशी. मीम्स आले, टोमणे आले. मग सरकारी खुलासा आला की जहाज रुतलेलं नाही. पर्यटकांना चिरांदचं प्राचीन उत्खननस्थळ दाखवायचं होतं, म्हणून ते खोल पाण्यात उभं केलं आणि लोकांना छोट्या बोटींनी काठावर नेलं.

खुलासा पटो न पटो, नदीवरच्या क्रूझचं गणित त्यातून कळतं. गंगा विलास ६२ मीटर लांब आहे. गंगेकाठची जुनी गावं वसली ती होड्यांच्या काळात. घाट आहेत, पण एवढं जहाज लागेल असे धक्के फारसे नाहीत. त्यामुळे बऱ्याच ठिकाणी जहाज नदीत थांबतं, पाहुणे होडीत बसतात, दोनेक तास गाव बघतात आणि जेवायला परत जहाजावर येतात.

हा प्रकार सगळ्यात छान दिसतो तो पश्चिम बंगालमध्ये, कोलकात्याहून उत्तरेला मुर्शिदाबादकडे जाणाऱ्या पाण्यावर. खाली तिला हुगळी म्हणतात, वर भागीरथी. हावडा ते बंडेल हे अंतर रेल्वेने जेमतेम ४० किलोमीटर. तेवढ्यात श्रीरामपूरला डेन्मार्कची वसाहत, चंदननगरला फ्रेंचांची, चुचुड्याला डचांची आणि बंडेलला पोर्तुगीजांचं चर्च. डचांनी चुचुडा १८२५ मध्ये इंग्रजांना दिलं, डेन्मार्कने श्रीरामपूर १८४५ मध्ये विकलं. फ्रेंच मात्र १९५० पर्यंत चंदननगरात होते, म्हणजे भारत स्वतंत्र झाल्यानंतरही तीन वर्षं. पुढे काल्न्याला १८०९ मधली १०८ शिवमंदिरं आहेत, दोन वर्तुळांत बांधलेली. मुर्शिदाबादला हजारदुआरी राजवाडा. नाव हजार दरवाज्यांचं, पण त्यातले शंभरेक दरवाजे नुसते भिंतीवरचे, खोटे.

एवढं सगळं एका आठवड्यात, सामान एकदाच उघडून. क्रूझवाल्यांची जाहिरात इथेच जिंकते, आणि त्यात खोटं काही नाही.

प्रश्न आहे गावाला काय मिळतं याचा. अशा पॅकेजमध्ये राहणं, तिन्ही वेळचं जेवण, गाइड, प्रवेश तिकिटं सगळं आधीच भरलेलं असतं. पाहुण्याच्या खिशातून काठावर पडणारे पैसे म्हणजे एखादी वस्तू आणि बक्षिसी. काल्न्यात सायकलरिक्षावाल्याला फेरी मिळते, ती बोट येईल त्या दिवशी. चंदननगरचा 'जलभरा संदेश' बंगालभर प्रसिद्ध आहे. पण दुपारचं जेवण आणि त्यानंतरचं गोड जहाजावर ठरलेलं असेल, तर मिठाईच्या दुकानात रेंगाळायला वेळ कोणाला?

उलट उदाहरण श्रीरामपूरचं. तिथली १७८६ ची डेन्मार्क टॅव्हर्न पार ढासळली होती. डेन्मार्कचं राष्ट्रीय संग्रहालय, राज्य सरकार आणि इन्टॅक यांच्या कामातून ती उभी राहिली आणि २०१८ मध्ये कॅफे म्हणून उघडली. जवळच्या सेंट ओलाव्ह चर्चच्या जीर्णोद्धाराला २०१६ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक पुरस्कार मिळाला. कॅफेत लोकलने आलेला कॉलेजचा पोरगाही बसतो. क्रूझ नाही आली तरी चहा विकला जातो. जाता जाता, याच श्रीरामपुरात विल्यम कॅरीने १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं होतं.

दुसरा प्रश्न जास्त टोचणारा आहे. दोन तासांत कोणता इतिहास सांगायचा, हे ठरवतं कोण? 'छोटा युरोप' ही गोष्ट परदेशी पाहुण्याला चटकन कळते, फोटोही चांगले येतात. पण याच काठावर आपलीही एक गोष्ट आहे, आणि ती फारशी अभिमानाची नाही.

१७४२ मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांचे दिवाण भास्करराम कोल्हटकर फौज घेऊन बंगालमध्ये उतरले. भागीरथीकाठचं काटवा हा त्यांचा तळ होता. जवळच्या दाईंहाटला त्यांनी दुर्गापूजा मांडली आणि ती चालू असतानाच नवाब अलिवर्दी खानाने छापा घातला. १७४४ मध्ये बोलणी करायला म्हणून बोलावून नवाबाने भास्कररामांना मारलं. स्वाऱ्या सुरूच राहिल्या, १७५१ मध्ये तह होईपर्यंत. खेडी लुटली गेली, जाळली गेली. आपल्याकडचा 'बारगीर' तिथे 'बर्गी' झाला आणि बंगाली आया लेकरांना झोपवताना अजूनही त्या बर्गींचं नाव घेतात. कोलकात्यात इंग्रजांनी त्यांच्याच धास्तीने खंदक खणायला घेतला होता, मराठा डिच.

भागीरथीवरच्या बऱ्याच क्रूझ माटियारी गावात थांबतात. पितळेची भांडी ठोकून घडवणारं हे गाव सहलीतला बहुधा सगळ्यात जिवंत थांबा. इथे पाहुणा कारागिराच्या हातून थेट वस्तू घेतो, पैसे गावात राहतात. माटियारीच्या समोरच्या काठावर दाईंहाट आहे. मधे फक्त नदी, आणि ती ओलांडायला साधी फेरीबोट.

केंद्र सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये 'क्रूझ भारत मिशन' सुरू केलं. पाच वर्षांत क्रूझ प्रवासी दुप्पट करायचे आहेत. धक्के बांधले जातील, जहाजं वाढतील. काठावर थांबायचा वेळ वाढणार का, हे मात्र कंपन्यांच्या वेळापत्रकावर राहील.

ज्यांना क्रूझचं तिकीट परवडत नाही, त्यांच्यासाठी हावड्याहून लोकल सुटते. श्रीरामपूर, चंदननगर, चुचुडा, बंडेल ही ओळीने लागणारी स्टेशनं. बंडेलहून काटव्याच्या लाइनला लागलं की आधी अंबिका काल्ना येतं, मग दाईंहाट. कुठेही उतरा, परत बोलवायला भोंगा वाजत नाही.