ज्वारीचा दोष आणि औषधाचे वाहन

ज्वारीच्या भाकरीतील प्रथिन नीट पचत नाही, हा आहारशास्त्राने तिच्यावर ठेवलेला जुना ठपका होय. ज्वारी शिजली की तिच्यातील काफिरिन नामक प्रथिनाचे रेणू गंधकाच्या बंधांनी परस्परांस घट्ट बिलगतात व पाचकरसांस सहजासहजी दाद देत नाहीत. याच अवगुणाकडे औषधशास्त्र आज निराळ्या दृष्टीने पाहत आहे. ती दृष्टी ज्वारी पिकविणाऱ्या आपल्या मुलखातही रुजावी, असे आम्हांस वाटते.

कित्येक औषधे पाण्यात विरघळत नाहीत. कित्येक जठरातील आम्लाने आतड्यापर्यंत पोहोचण्यापूर्वीच नष्ट होतात. हळदीतील कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ अविद्राव्य असल्याने शरीरात फारच थोडे शोषले जाते. अशा औषधांस सावकाश पचणारे आवरण मिळाले, तर ती इष्ट स्थळी सुखरूप जातात.

हे आवरण सिद्ध करण्याची रीत आश्चर्य वाटावे इतकी साधी आहे. मक्यातील झेइन हे प्रथिन अमेरिकेतील जॉन गोरम यांनी १८२१ साली वेगळे केले. ते पाण्यात विरघळत नाही, पण पाणी मिसळलेल्या मद्यार्कात विरघळते. त्या द्रावणात औषध घालून ते ढवळत्या पाण्यात ओतले, की निराश्रित झालेले प्रथिन औषधाला पोटाशी धरून सूक्ष्म कणांच्या रूपाने गोळा होते. हे कण बहुधा शेदोनशे नॅनोमीटरांचे असतात. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा शंभर कोटीवा अंश!

ही केवळ कल्पना नव्हे. पॅक्लिटॅक्सेल हे कर्करोगावरील औषध पूर्वी एरंडेलापासून बनविलेल्या द्रावकात देत, आणि त्याची काही रुग्णांस तीव्र बाधा होई. मानवी रक्तातील अल्ब्युमिनच्या कणांशी ते जोडले गेले व २००५ साली अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली. पण हे अल्ब्युमिन माणसाच्या रक्तातून यावयाचे. उलट झेइन मक्याचे पिष्ट काढणाऱ्या कारखान्यांच्या उरलेल्या चोथ्यातून निघते.

मात्र ‘वनस्पतिजन्य म्हणजे निरुपद्रवी’ हे जाहिरातींचे तत्त्वज्ञान आम्हांस मान्य नाही. गव्हातील ग्लायडिनचेही असे कण होतात. तेच ग्लायडिन सीलिॲक रोग्याच्या आतड्यास इजा करते. (ज्वारी त्या रोग्यास चालते, हे येथे सांगावयास हवे.) परके प्रथिन थेट रक्तात टोचल्यास शरीर त्याचा प्रतिकार करण्याचा संभव असतो. म्हणून या कणांची परीक्षा प्रथम मुखावाटे द्यावयाच्या औषधांतच व्हावी, आणि परीक्षानळीतील यशास रुग्णाचे बरे होणे म्हणू नये.

काफिरिनच्या सूक्ष्मकणांवर दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरिया विद्यापीठात काम झाले आहे. आपल्याकडे हैदराबादेस भरडधान्यांची राष्ट्रीय संशोधनसंस्था आहे. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्षही झाले. भाकरीचे गोडवे पुष्कळ गाऊन झाले. आता सोलापूर, विजापूर, कलबुर्गीकडील रसायन व औषधनिर्माण महाविद्यालयांनी ज्वारीचे हे प्रथिन हाती घ्यावे.

आणि शाळेने तरी का थांबावे? मक्याचे पीठ सत्तर टक्के मद्यार्कात भिजवून, शिक्षकांच्या देखरेखीखाली, ज्योतीपासून दूर, गरम पाण्याच्या भांड्यात ठेवावे. गाळून तो पिवळसर अर्क थंड पाण्यात ओतावा. पाणी दुधाळ होईल. त्यातील थोडे आणखी पाण्यात मिसळून अंधाऱ्या खोलीत विजेरीचा झोत सोडला, तर प्रकाशाची वाट पाण्यातून स्पष्ट दिसेल.